आवेनिदा दे मायो : मागच्या दारांचा रस्ता

एम.ए.च्या वर्गात लोर्काचे ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ शिकवताना मी बरीच वर्षे एक चूक करीत आले. नाटकाचे लेखन १९३६चे, नाटककार स्पॅनिश, नाटकातले गावही स्पेनमधले. तेव्हा पहिला प्रयोग माद्रिदला झाला असणार असे मी गृहीतच धरले होते. गोविंद निहलानींचा ‘रुक्मावती की हवेली’ (१९९१) याच नाटकावर बेतलेला असल्याने मुलांना कथानक आधीच ठाऊक असते आणि चर्चा थेट हवेली, विधवा, मुली, कोंडमारा यांकडे वळते. प्रयोगाच्या तारखेकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोनेक वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, नाटक जूनमध्ये लिहून झाले आणि ऑगस्टमध्ये लोर्काला गोळ्या घातल्या. मग ते पहिल्यांदा पाहिले कोणी?”

उत्तर शोधताना मी स्पेनमधून बाहेर पडले आणि अटलांटिक ओलांडून एका रस्त्यावर जाऊन पोचले. ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’चा पहिला प्रयोग ८ मार्च १९४५ रोजी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसमध्ये, तेआत्रो आवेनिदा नावाच्या नाट्यगृहात झाला. नाट्यगृहाचे नाव रस्त्यावरूनच पडलेले आहे. तो रस्ता म्हणजे आवेनिदा दे मायो. (स्थानिक माणसे ‘मायो’चा उच्चार ‘माशो’च्या जवळ जाणारा करतात, पण लिहिताना आपण ‘मायो’च म्हणू.) आपल्याकडच्या साहित्याच्या वाचकाला ब्वेनोस आयरेस आठवते ते रवींद्रनाथांमुळे. १९२४च्या अखेरीस ते तेथे आजारी पडले, शहराबाहेर सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात राहिले, व्हिक्टोरिया ओकाम्पो भेटली आणि ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी तिला ‘विजया’ या नावाने अर्पण केला. पण ते ब्वेनोस आयरेस निवांत बागांचे, फ्रेंच बोलणाऱ्या श्रीमंत घरांचे. मी ज्या रस्त्याबद्दल लिहीत आहे तो त्याच शहराचा असला तरी त्याचा वर्ग वेगळा आणि आवाजही वेगळा.

जेमतेम दीड किलोमीटर लांबीचा आणि तीस मीटर रुंदीचा हा रस्ता. पूर्वेला प्लासा दे मायो, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी प्रासादासमोरचा चौक, पश्चिमेला संसद. १८१०च्या मे महिन्यात याच चौकात स्पॅनिश व्हाइसरॉयची सत्ता झुगारली गेली, म्हणून चौकाचे आणि रस्त्याचे नाव ‘मे’. कल्पना मात्र पूर्णपणे पॅरिसची. १८८०मध्ये ब्वेनोस आयरेस देशाची राजधानी झाले आणि १८८३मध्ये तोर्कुआतो दे आल्वेआर शहराचा पहिला इन्तेन्देन्ते, म्हणजे नगरप्रमुख झाला. त्याच्या डोळ्यांसमोर ओस्मानने जुने पॅरिस फोडून काढलेले रुंद, वृक्षांच्या दुतर्फा रांगांचे रस्ते होते. स्पॅनिश वसाहतीची ठेंगणी, आतल्या अंगणाभोवती बांधलेली, अरुंद गल्ल्यांची नगररचना त्याला लाजिरवाणी वाटत असे. १८८४मध्ये कायदा झाला आणि दोन जुन्या समांतर गल्ल्यांच्या मधोमध, घरांच्या चौकोनी ठोकळ्यांच्या पोटातून, नवा रस्ता काढायचे ठरले.

हे ‘पोटातून’ महत्त्वाचे आहे. अस्तित्वात असलेली एखादी गल्ली रुंद केली असती तर एका बाजूच्या घरांचे दर्शनी भाग पडले असते. येथे रस्ता परसांमधून, स्वयंपाकघरांमधून, तबेल्यांमधून गेला. साहजिकच मालक न्यायालयात गेले. इसाबेल आर्मस्ट्राँग दे एलोर्तोन्दो या बाईंचा खटला अर्जेंटिनाच्या घटनात्मक कायद्याच्या इतिहासात आजही शिकवला जातो. रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्यापुरती जमीन न घेता संपूर्ण मिळकत ताब्यात घ्यावी, उरलेली विकावी आणि त्यातून खर्च भागवावा असा नगरपालिकेचा हिशेब होता. १८८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक उपयोगाला जेवढी हवी तेवढीच जमीन घेता येईल. त्यापलीकडे घेण्याची मुभा देणारा कायदा घटनेत बसत नाही. एका घरमालकिणीच्या तक्रारीवरून न्यायालयाने संसदेचा कायदा तपासला आणि बाजूला ठेवला. ज्या आखीवरेखीव पॅरिसचे स्वप्न आल्वेआर पाहत होता ते तेथेच थोडे फाटले. लगतच्या जमिनी मालकांकडेच राहिल्या, त्यांचे भाव चढले, आणि प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे व हौसेप्रमाणे इमारत उठवली. पॅरिसच्या रस्त्यांची एकसारखी उंची व एकसारखे सज्जे येथे दिसत नाहीत, त्याला हेही एक कारण असावे असे मला वाटते.

जुन्या काबील्दोची, म्हणजे वसाहतकालीन नगरसभागृहाची गोष्ट तर अधिकच बोलकी. १८१०ची ऐतिहासिक सभा याच इमारतीत भरली होती. तिच्या दर्शनी भागाला अकरा कमानी होत्या. मेच्या क्रांतीच्या नावाचा रस्ता काढण्यासाठी १८८९मध्ये त्यांतल्या उत्तरेकडच्या तीन पाडण्यात आल्या. १९३१मध्ये दुसऱ्या एका रस्त्यासाठी दक्षिणेकडच्या तीन गेल्या. उरल्या पाच. १९४०च्या सुमारास वास्तुविशारद मारिओ बुस्कियात्सोने या उरल्यासुरल्या इमारतीला पुन्हा वसाहतकालीन रूप दिले आणि आज पर्यटक ज्याचे छायाचित्र घेतात ते हे पाच कमानींचे सभागृह. क्रांतीचे नाव ठेवण्यासाठी क्रांतीची वास्तू कापणे, असे याचे वर्णन कोणी केले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

१८९०च्या आर्थिक अरिष्टाने काम रखडले. त्याच वर्षी आल्वेआरही गेला. ९ जुलै १८९४ रोजी, स्वातंत्र्यदिनी, रस्ता खुला झाला तेव्हा तो पाहायला तो नव्हता. निकाराग्वाचा कवी रुबेन दारीओ मात्र त्या वेळी याच शहरात राहत होता. स्पॅनिश कवितेला वळण देणारे ‘लोस रारोस’ आणि ‘प्रोसास प्रोफानास’ हे त्याचे दोन्ही ग्रंथ १८९६मध्ये ब्वेनोस आयरेसमध्येच प्रसिद्ध झाले. पॅरिसकडे पाहून स्पॅनिश भाषा नव्याने घडवू पाहणारा कवी आणि पॅरिसकडे पाहून स्पॅनिश शहर नव्याने घडवू पाहणारा रस्ता एकाच वेळी एकाच ठिकाणी असावेत, हा योगायोग असला तरी त्या काळाबद्दल काही सांगणारा आहे.

आता मागच्या दारांबद्दल. काफे तोर्तोनी हे शहरातले सर्वांत प्रसिद्ध कॉफीगृह १८५८मध्ये एका फ्रेंच माणसाने सुरू केले. ते आजच्या जागेवर आले तेव्हा त्याचे दार रिवादाविया या जुन्या रस्त्यावर होते. नवा रस्ता नेमका त्याच्या पाठीमागून गेला. १८९८मध्ये क्रिस्टोफर्सन या वास्तुविशारदाने नव्या रस्त्याकडे दर्शनी भाग बांधून दिला आणि जी पाठ होती तिचे तोंड झाले. या रस्त्यावरच्या अनेक इमारती अशा दुतोंडी आहेत. १९२६मध्ये चित्रकार बेनीतो किन्केला मार्तीन आणि त्याच्या मित्रांनी तोर्तोनीच्या तळघरात ‘ला पेन्या’ नावाची कलावंतांची बैठक सुरू केली. ती १९४३पर्यंत चालली. तळघरात कविता वाचली जायची, वरच्या मजल्यावर कॉफी विकली जायची. तोर्तोनीवर प्रवासवर्णनांत इतके लिहिले गेले आहे की मी येथेच थांबते.

त्याच १८९८ साली काबील्दोच्या शेजारी ‘ला प्रेन्सा’ या दैनिकाचा प्रासाद उभा राहिला. शिखरावर हातात दिवा घेतलेली स्त्री आणि एक भोंगा. मोठी बातमी आली की भोंगा वाजायचा आणि लोक रस्त्यावर जमायचे. पहिल्यांदा तो वाजला १९००मध्ये, इटलीचा राजा उम्बेर्तो याच्या खुनाच्या बातमीला. इटालियन स्थलांतरितांनी भरलेल्या शहरात ही बातमी परदेशची नव्हतीच. वृत्तपत्र वाचायला घरी न्यायचे नसून रस्त्यावर उभे राहून ऐकायचे असते, ही सवय या रस्त्याने लावली. पुढे १९५१मध्ये पेरोन सरकारने ‘ला प्रेन्सा’ ताब्यात घेतले आणि त्याच्या पतनानंतर, १९५६मध्ये ते मालकांकडे परत गेले. आज त्या इमारतीत शहराचे सांस्कृतिक केंद्र आहे.

रस्त्याच्या पोटात १ डिसेंबर १९१३ रोजी भुयारी रेल्वे धावू लागली. दक्षिण गोलार्धातली ती पहिली. बेल्जियममध्ये बनलेले तिचे लाकडी डबे थेट जानेवारी २०१३पर्यंत वापरात होते.

रस्ता पॅरिससारखा बांधला गेला. राहायला आले स्पॅनिश लोक. १८६९मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे शहर १९१४च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या वर गेले होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे परदेशात जन्मलेले होते. तीन लाखांच्या आसपास एकटे स्पॅनिश. गालिसिया, आस्तुरियास, कातालोनिया येथून आलेली ही माणसे. त्यांतल्या पुष्कळांची हॉटेले, कॉफीगृहे, पुस्तकांची दुकाने, नाट्यगृहे याच रस्त्याच्या आसपास वसली. १९०८मध्ये तेआत्रो आवेनिदा उघडले तेच लोपे दे वेगाच्या नाटकाने. ज्या स्पॅनिश वारशापासून सुटका करून घेण्यासाठी आल्वेआरने रस्ता काढला, तो वारसा पुढच्या पिढीत बोटीतून उतरून त्याच रस्त्यावर राहायला आला. नगररचनाकार रस्ता आखतो. त्याचा अर्थ कोण लावणार हे त्याच्या हातात नसते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही.

याच रस्त्यावर १३७० क्रमांकाला पालासिओ बारोलो आहे. लुईस बारोलो या कापडउद्योजकासाठी मारिओ पालान्ती या इटालियन वास्तुविशारदाने ती १९१९ ते १९२३ या काळात बांधली. इमारत पुरी होण्याआधीच, १९२२मध्ये बारोलो वारला. उंची शंभर मीटर, दान्तेच्या महाकाव्याचे सर्ग शंभर. तळ नरक, मधले मजले शुद्धिलोक, वरचे स्वर्ग, शिखरावर दीपगृह. आणि म्हणे बारोलोला दान्तेच्या अस्थीही येथे आणायच्या होत्या. तळमजल्याच्या कमानींवर लॅटिन वचने कोरलेली आहेत, हे खरेच. बाकीच्या गोष्टींत पालान्तीच्या डोक्यात काय होते आणि नंतरच्या वाटाड्यांनी काय भर घातली हे वेगळे काढणे अवघड आहे. इमारतीचे ‘वाचन’ करताना आकड्यांचा मोह पडतो आणि कवितेच्या वाचनात आपण विद्यार्थ्यांना ज्याबद्दल टोकतो तेच स्वतः करू लागतो. आकडे बाजूला ठेवूनही मला एवढे लक्षणीय वाटते की व्यापारी कचेऱ्या भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीला एका महाकाव्याचा आधार घ्यावासा वाटला.

बारोलोच्या जवळजवळ समोर, १३३३ क्रमांकाला ‘क्रीतिका’ या सायंदैनिकाची १९२७मध्ये बांधलेली इमारत. मालक नाताल्यो बोताना. सनसनाटी, गुन्हेगारीच्या बातम्या, प्रचंड खप, आणि पगारावर ठेवलेले कवी. कादंबरीकार रोबेर्तो आर्ल्त येथे गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत असे. बोर्हेस आणि उलिसेस पेतित दे मुरात यांनी १९३३-३४मध्ये या पत्राची शनिवारची रंगीत पुरवणी चालवली. बोर्हेसच्या ‘अपकीर्तीचा वैश्विक इतिहास’ (१९३५) या पुस्तकातल्या बऱ्याचशा कथा प्रथम याच पुरवणीत आल्या. ज्याला आपण ग्रंथालयातला लेखक म्हणतो त्याच्या गद्याचा एक धागा अशा स्वस्त, आरडाओरडा करणाऱ्या सायंदैनिकात विणला गेला, हे वर्गात सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात. बोतानाला साधू ठरवण्याचे मात्र कारण नाही. १९३०च्या लष्करी उठावाला ‘क्रीतिका’नेच पाठबळ दिले होते, पुढच्याच वर्षी त्या राजवटीने पत्र बंद करून बोतानाला तुरुंगात टाकले.

अशा रस्त्यावर १३ ऑक्टोबर १९३३ रोजी लोर्का आला. तो ११५२ क्रमांकाच्या हॉटेल कास्तेलारमध्ये, सातव्या मजल्यावरच्या खोलीत उतरला (ती खोली पुढे त्याचे स्मृतिस्थान म्हणून जपण्यात आली). लोला मेम्ब्रिवेस या अभिनेत्रीने त्याच्या ‘रक्तविवाह’चे प्रयोग जुलैतच शहरात सुरू केले होते. २५ ऑक्टोबरला ते नाटक १२२२ क्रमांकाच्या तेआत्रो आवेनिदात पुन्हा आले आणि तेथे त्याचे शंभराहून अधिक प्रयोग झाले. माद्रिदमध्ये लोर्काला नाव मिळाले होते. पैसा आणि रस्त्यात ओळखले जाणे पहिल्यांदा येथे मिळाले. काही आठवड्यांसाठी आलेला माणूस मार्च १९३४च्या अखेरीपर्यंत राहिला. त्या वेळी चिलीच्या वकिलातीत काम करणारा पाब्लो नेरुदाही याच शहरात होता. दोघांनी मिळून एका मेजवानीत रुबेन दारीओवर जोडभाषण केले, एकाने वाक्य सुरू करायचे आणि दुसऱ्याने पुढे न्यायचे अशा पद्धतीचे.

हॉटेलपासून नाट्यगृहापर्यंतचे अंतर चालत दोन-तीन मिनिटांचे. मध्ये साल्ता या रस्त्याचा कोपरा लागतो. त्या कोपऱ्यावर समोरासमोर दोन कॉफीगृहे होती, इबेरिया आणि एस्पान्योल. जुलै १९३६मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा इबेरियात प्रजासत्ताकवादी बसू लागले आणि एस्पान्योलमध्ये फ्रँकोचे समर्थक. बातम्या आल्या की घोषणा, शिव्या, आणि मग रस्ता ओलांडून बाटल्या व खुर्च्या. दहा हजार किलोमीटरवरचे युद्ध एका चौकाच्या रुंदीत लढले जात होते. हे हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नाही. या लोकांचे भाऊ, आईवडील तेथे होते. आणि ज्याला याच फरसबंदीवरून चालताना अडीच वर्षांपूर्वी त्यांनी पाहिले होते, त्या लोर्काला ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ मारून कुठेतरी पुरल्याची बातमी याच कोपऱ्यावर आली.

प्रजासत्ताक हरले. नोव्हेंबर १९३९मध्ये ‘मासिल्या’ नावाची बोट शंभराहून अधिक स्पॅनिश निर्वासितांना घेऊन ब्वेनोस आयरेसच्या धक्क्याला लागली. त्यांत लेखक, पत्रकार, नट होते. त्यांचे परवाने पुढच्या देशांचे होते, येथे उतरण्याची मुभा नव्हती. बोतानाने राष्ट्राध्यक्षांकडे शब्द टाकला आणि त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. त्याआधी, १९३८मध्ये गोन्सालो लोसादाने याच शहरात प्रकाशनसंस्था काढून लोर्काचे समग्र साहित्य छापायला घेतले होते. स्पेनमध्ये जे छापता येत नव्हते ते येथे छापले जात होते.

मार्गारिता शिर्गू ही कातालान अभिनेत्री लोर्काची जवळची सहकारी. ‘येर्मा’ तिनेच १९३४मध्ये माद्रिदला रंगभूमीवर आणले होते. यादवी सुरू झाली तेव्हा ती अमेरिका खंडाच्या दौऱ्यावर होती. पुन्हा स्पेनला गेली नाही आणि १९६९मध्ये मोन्तेविदेओला वारली. ८ मार्च १९४५च्या त्या प्रयोगात बेर्नार्दा होती ती. हुकूमशहाने मारलेल्या मित्राच्या नाटकातली हुकूमशहा तिने उभी केली. बेर्नार्दाचा पहिला शब्द गप्प राहण्याचा हुकूम असतो आणि नाटक त्याच हुकुमाने मिटते. प्रेक्षकांत गालिसियाहून पोटासाठी आलेले होते, ‘मासिल्या’वरून उतरलेले असण्याचीही शक्यता आहे, आणि बाहेर अर्जेंटिनातही तेव्हा १९४३च्या उठावातून आलेले लष्करी सरकार होते, जर्मनी-जपानविरुद्ध त्याने युद्ध पुकारले ते प्रयोगानंतर तीन आठवड्यांनी, २७ मार्चला. लोसादाने त्याच वर्षी संहिता छापली. स्पेनच्या व्यावसायिक रंगभूमीवर हे नाटक यायला १९६४ उजाडले. म्हणजे एकोणीस वर्षे हे नाटक ज्या गावांबद्दल होते त्या देशात जवळजवळ अदृश्य होते आणि या रस्त्यावर मात्र त्याचा पत्ता होता, दारक्रमांकासह.

त्यानंतरच्या काळाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो इतिहास अनेकांना माहीत आहे. प्रासाद आणि संसद यांना जोडणारा हा रस्ता मिरवणुकांचा होता आणि राहिला. १९१६मध्ये इरिगोयेन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा लोकांनी गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली. त्याआधी १ मे १९०९ला पश्चिम टोकाच्या चौकात पोलिसांनी अराजकवादी कामगारांच्या सभेवर गोळ्या चालवल्या होत्या. ३० एप्रिल १९७७ रोजी पूर्वेकडच्या चौकात चौदा स्त्रिया आपली नाहीशी केलेली मुले कोठे आहेत हे विचारायला जमल्या. घोळका करून उभे राहता येणार नाही, चालत राहा, असे पोलिसांनी बजावले. म्हणून त्या चालू लागल्या, स्मारकाभोवती गोल. मुलीचा मृत्यू भिंतीआड दडपणारी बेर्नार्दा आणि दडपलेला मृत्यू चौकात आणणाऱ्या या आया, अशी जोडी लावण्याचा मोह मला वर्गात होतो. मी तो शक्यतो आवरते. एक नाटकातली आहे आणि दुसऱ्यांपैकी काहीजणींना नंतर खरोखर पळवून मारले गेले. २० डिसेंबर २००१ रोजी, बँकांतल्या ठेवी गोठवल्यानंतर उसळलेल्या उद्रेकात, हा चौक आणि हा रस्ता यांच्या परिसरात पाच जण गोळ्यांना बळी पडले. ते जेथे पडले तेथे पदपथावर फरशा बसवल्या आहेत. तोर्तोनीकडे जाणारे त्यांच्यावरून किंवा त्यांना वळसा घालून जातात.

तेआत्रो आवेनिदा १९७९मध्ये आगीत जळले. पंधरा वर्षे ते बंद होते. १९९४मध्ये, रस्त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, प्लासिदो दोमिंगोच्या गायनाने ते पुन्हा उघडले. जेथे ९ दे हुलिओ हा अवाढव्य रस्ता या रस्त्याला छेदतो तेथे दगडांच्या राशीतून दोन किहोते घोड्यासह बाहेर झेपावतो आहे. १९८०मध्ये स्पेनने दिलेली ही भेट. ती स्वीकारली त्या लष्करी राजवटीने.

मी माझ्या टिपणातली ओळ दुरुस्त केली आहे. पूर्वी तेथे ‘लेखन : १९३६’ एवढेच होते. आता त्याखाली लिहिले आहे : प्रथम प्रयोग ८ मार्च १९४५, तेआत्रो आवेनिदा, आवेनिदा दे मायो १२२२, ब्वेनोस आयरेस. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिने हे वहीत उतरवून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला : त्या रात्री आदेला कोणी केली होती?